वही चांगली, पान चुकलं

प्रश्न : आमच्या गोठ्यात चार जनावरं आहेत. सासऱ्यांकडे जनावरांच्या झाडपाल्याच्या औषधांची जुनी वही आहे, त्यांच्या वडिलांच्या हातची. दोन महिन्यांपूर्वी चंद्री गाय ओला लसूणघास खाऊन फुगली. मामंजींनी गोडेतेलात हिंग-ओवा कालवून पाजलं, तोंडात आडवी काठी बांधून तिला फिरवलं, तासाभरात ढेकरा देऊन गाय मोकळी झाली. पुढच्या महिन्यात मंगळीने रात्री दावं तोडलं आणि धान्याचं पोतं फाडून खाल्लं. दुसऱ्या दिवशी तिने वैरण सोडली, पोट थोडं वर आलं, शेण पातळ आणि आंबूस वासाचं झालं. मामंजींनी तेच औषध दिलं. उतार पडेना म्हणून संध्याकाळी गूळ घालून पुन्हा पाजलं. ती बसलेलीच होती, मान वर धरून पाजावं लागलं. रात्री ती खोकायला लागली आणि तिसऱ्या दिवशी गेली. मुलगा म्हणतो, वही चुलीत घाला. मामंजी त्या दिवसापासून फारसं बोलत नाहीत. एकदाच म्हणाले, "चंद्रीला लागू पडलं ते मंगळीला का नाही?" हे उपाय ठेवायचे की सोडायचे? वहीतली काही पानं फोटो काढून पाठवते आहे. मंगळीची दोन महिन्यांची कालवड आहे, तिलाही कालपासून हगवण लागली आहे.

– एक सून

ताई,

कालवडीबद्दल आपलं फोनवर बोलणं झालंच आहे. इतर वाचकांसाठी ते पुढे लिहितो. आधी मामंजींच्या प्रश्नाचं उत्तर देतो, कारण तुमच्या पत्रातला सगळ्यात नेमका प्रश्न त्यांचाच आहे.

चंद्रीला झाली ती फेसाची पोटफुगी. मंगळीला झालं ते धान्याचं अजीर्ण, कोठीपोट आंबून आम्ल होणं. बाहेरून दोन्ही वेळा पोट वर आलेलं दिसलं. वहीच्या पानावर दोन्हींना 'जनावर फुगणे' हे एकच नाव आहे आणि घात तिथे झाला. औषध खोटं नव्हतं, पण ते मंगळीच्या दुखण्याचं नव्हतं.

गाईचं कोठीपोट म्हणजे आंबवणाची मोठी टाकी. मोठ्या गाईत सहज शंभर-दीडशे लिटरची, पोटाची जवळजवळ सगळी डावी बाजू व्यापणारी. त्यात अब्जावधी जिवाणू वैरण कुजवत असतात आणि त्यातून तासाला ३० ते ५० लिटर वायू तयार होतो. निरोगी गाय तो ढेकरांवाटे गुपचूप सोडते, आपल्याला ऐकूही येत नाही. लसूणघास, बरसीम अशी कोवळी द्विदल वैरण उपाशी जनावराने भराभर खाल्ली, की तिच्यातल्या प्रथिनांमुळे कोठीपोटात साबणासारखा घट्ट फेस होतो. वायू त्या फेसात बुडबुड्यांच्या रूपात अडकतो. ढेकर द्यायची जागाच फेसाने बुजते. गाय तासागणिक फुगत जाते आणि पोटाचा दाब छातीवर येऊन गुदमरते. अशा वेळी तेल पोटात गेलं, की फेसाचे बुडबुडे फुटतात. यात मंत्र नाही, चूल पेटवून दूध उतू जाताना बघितलेल्या कुणालाही कळेल अशी गोष्ट आहे. तुमच्या मुलाला हे आवर्जून सांगा. आम्हा जनावरांच्या डॉक्टरांकडची फेस फोडणारी बाटली, सिमेथिकोनची किंवा तसल्या दुसऱ्या द्रव्याची, हेच काम करते. तेलापेक्षा जलद करते एवढंच.

काठीचंही तसंच. तोंडात आडवी काठी आली की गाय ती चघळते आणि लाळ सुटते. गाईची लाळ दिवसाला शंभर लिटरच्या वर जाते आणि तिच्यात सोड्यासारखे क्षार असतात. लाळ फेस मोडायला मदत करते, जबडा हलत राहिला की ढेकरही सुटते. फिरवल्याने तेल आतल्या मालात मिसळतं. पुढचे पाय चढावर ठेवून उभं केलं तर अन्ननलिकेचं तोंड वर येतं. म्हणजे मामंजींनी त्या संध्याकाळी चंद्रीला केलं ते एकूण एक बरोबर होतं. मी तिथे असतो तर माझी पोटात घालायची नळी गाडीतून काढीपर्यंत हेच करा म्हणालो असतो.

आता मंगळी. धान्य म्हणजे पिठूळ साखर समजा. कोठीपोटातले वैरण कुजवणारे जिवाणू बाजूला पडतात आणि आम्ल करणारे माजतात. एरवी आतला सामू (pH, तो जितका कमी तितकं आम्ल जास्त) सहा ते सातच्या दरम्यान असतो, तो साडेपाचच्या, कधी पाचच्याही खाली जातो. आम्ल इतकं दाट होतं, की रक्तातलं पाणी ओढून कोठीपोटात येतं. म्हणून पोट डुचमळतं, शेण पातळ होतं आणि डोळे खोल जातात. गाय तहानलेली असते, झोकांड्या खाते, कान थंड पडतात, अंगाचा ताप उलट उतरतो. हे सगळं खाल्ल्यानंतर बारा ते छत्तीस तासांत दिसतं. तोवर पोतं विसरलं गेलेलं असतं, किंवा 'पोटभर खाल्लंय, जिरेल' असं घरात ठरलेलं असतं. तुम्ही शेण आंबूस होतं असं लिहिलंय. त्या एका शब्दावरून मी मंगळीचं दुखणं ओळखलं. अशा गाईला तेलाने काही होत नाही, कारण फेसच नसतो. आणि गूळ म्हणजे माजलेल्या जिवाणूंना आणखी खुराक.

तिला काय द्यायला हवं होतं, तेही सांगतो. पोतं फाडलेलं दिसलं त्याच मिनिटाला, गाय ठणठणीत दिसत असतानाही, डॉक्टरला फोन. दरम्यान उरलेलं धान्य समोरून काढायचं, फक्त लांब सुकी वैरण टाकायची. गाय शुद्धीत असेल, उभी असेल, नीट गिळत असेल तर खाण्याचा सोडा, मोठ्या जनावराला १०० ते १५० ग्रॅम, दोन-तीन लिटर कोमट पाण्यात विरघळवून सावकाश. हाच सोडा चंद्रीसारख्या तट्ट फुगलेल्या जनावराला मात्र देऊ नका, आम्लाशी मिळून तो आणखी वायू सोडतो. एकाला तारणारी वस्तू दुसऱ्याला भोवते ती अशी. आणि धान्य खूप खाल्लं असेल तर सोड्यावर विसंबून राहायचं नाही. तिथे शिरेतून सलाइन लागते, कधी पोट उघडून आंबलेला माल बाहेर काढावा लागतो. वाचलेल्या गाईच्या खुरांना पुढे महिनाभर सूज येते, तेही लक्षात ठेवा.

मग ओळखायचं कसं? हाताने. गाईच्या मागे उभं राहा. डावीकडे शेवटची बरगडी, कमरेचं हाड आणि पाठीचा कणा यांच्यामध्ये खळगी दिसते ती डावी भकाळी. तिथे मूठ दाबून दोन मिनिटं थांबा. निरोगी गाईत त्या वेळात दोन ते चार वेळा आतून लाट येऊन मूठ बाहेर ढकलते. ही लाट एकदा हाताला कळली की ती पुन्हा विसरत नाही. घरातल्या धडधाकट जनावरावर रोज सवय करा, पोरांनाही लावा. भकाळी तट्ट फुगून कण्याच्या वर आली असेल आणि टिचकी मारल्यावर ढोलासारखी वाजत असेल तर वायू. मूठ दाबल्यावर भिजलेल्या कणकेसारखा खड्डा राहत असेल तर कोरडी वैरण आणि कमी पाणी यांनी माल घट्ट बसलाय. ढवळल्यावर अर्ध्या भरलेल्या पखालीसारखं डुचमळत असेल, लाट नसेल, शेण आंबूस असेल, तर धान्य. कणकेसारखं घट्ट पोट हे झाडपाल्याचं सर्वात सोयीचं दुखणं. तिथे भरपूर पाणी, मीठ, थोडं तेल, सुंठ आणि चालवणं यांनी दोन दिवसांत शेण सुटतं, घाई नसते.

मात्र फुगण्याच्या आणखी काही तऱ्हा आहेत, तिथे तेलाची बाटली जागेवरच राहू द्या. कैरीची कोय, बटाटा, बीट असं काही घशात अडकलं, तर जनावर अचानक फुगतं, मान ताणतं, तोंडातून लाळेच्या तारा लोंबतात. वरून पाजलेलं सगळं श्वासनळीत जाणार. आणि एक गोष्ट ठासून सांगतो. लाळ गळतेय, गिळता येत नाही, आवाज बदललाय, अशा जनावराच्या तोंडात काय अडकलंय ते बघायला उघडा हात घालू नका. पिसाळीत, म्हणजे रेबीजमध्ये, हुबेहूब असंच दिसतं. नुकती व्यालेली गाय बसलीय, मान कुशीवर वळवलीय, कान गार पडलेत आणि थोडी फुगलीय, तर तो दूधज्वर. तिला शिरेतून कॅल्शियम हवं आणि तिचं गिळणंच ढिलं पडलेलं असतं. चालताना कण्हते, कोपरं बाहेर काढून उभी राहते, उतारावरून जायला नको म्हणते, पुन्हा पुन्हा थोडी फुगते, अशी गाय तार किंवा खिळा गिळून बसलेली असू शकते. तिला कितीही ओवा द्या, तार तिथेच राहणार.

मंगळी कशाने गेली? शव बघितलेलं नाही, त्यामुळे पैजेवर सांगत नाही. पण बसलेली गाय, वर धरलेली मान, रात्रीचा खोकला आणि तिसरा दिवस. आम्लाने ती खचली होतीच, वर औषधातला काही भाग फुफ्फुसात गेला असणार. हे लिहिताना मला मामंजींपेक्षा माझीच लाज वाटते. नोकरीच्या पहिल्याच वर्षी एका म्हशीचं शेण घट्ट बसलं होतं. मी नळी न घालता बाटलीने पातळ पॅराफिन पाजलं. मालक तोंड धरून होता, मी त्याला म्हणालो, अजून वर धर. तेल सुरळीत गेलं, ठसकासुद्धा नाही. चौथ्या दिवशी म्हैस न्यूमोनियाने मेली. मालकाने मला दोष दिला नाही, उलट 'डॉक्टरांनी खूप केलं' म्हणाला. मीही गप्प बसलो. तेलाला चव नाही, टोचणी नाही. ते वाट चुकलं तरी जनावर ठसकेलच असं नसतं, आणि पाजणाऱ्याला वाटतं की झकास गेलं. जुन्या लोकांनी तेलात हिंग, ओवा, मिरी अशा झणझणीत वस्तू घातल्या, त्यामागे हाही हिशोब असावा असं मला नेहमी वाटतं. तोंडात काहीतरी आलंय हे जनावराला कळलं, की ते सावध होऊन गिळतं.

म्हणून पाजण्याची रीत वहीच्या पहिल्या पानावर लिहून काढा. जनावर उभं हवं. बसलेल्या, झापडलेल्या, गिळत नसलेल्या जनावराला तोंडाने काहीही पाजायचं नाही, पाणीसुद्धा नाही. नाकपुड्या डोळ्यांच्या रेषेच्या वर जाता कामा नयेत. मान वळवायची तर थोडीशीच. जीभ बाहेर ओढून धरायची नाही, जिभेशिवाय गिळता येत नाही, हे स्वतःवर करून बघा. बाटलीचं तोंड किंवा बांबूचं नळकांडं जबड्याच्या कडेने, दात नसतात त्या फटीतून घालायचं, घशापर्यंत खुपसायचं नाही. एका वेळी चहाच्या कपाइतकं, गिळल्याची हालचाल गळ्यावर दिसली की पुढचा घोट. ठसका आला की मान लगेच खाली सोडायची. काचेची बाटली नको, चावून फुटते. अर्धा लिटर औषधाला दहा मिनिटं लागली तर ती लागू द्यावीत.

याहून चांगली रीत तुमच्या वहीतच आहे, चौदाव्या पानावर. त्याला वहीत 'जिभेवर घासणे' म्हटलंय. सुंठ, मिरी, जिरं, काडेचिराईत, सैंधव वाटून त्याचं चाटण करायचं आणि बोटभर घेऊन जिभेवर आणि टाळूला फासायचं. मन लावून वाचलं ते पान. चाटण फुफ्फुसात जात नाही हा एक फायदा. दुसरा असा, की कडू औषधाचं काम जिभेवरच सुरू होतं. कडू चव लागली की लाळ सुटते, लाळेमागून कोठीपोट हलायला लागतं. चिराइताचा काढा नळीने थेट पोटात सोडला तर ही अर्धी कमाई वाया जाते. दोन दिवस वैरणीवर मन नाही, ताप नाही, शेण बरं आहे, फक्त रवंथ मंदावलाय, अशा जनावराला हे चाटण दिवसातून दोन-तीन वेळा द्या. मी घरच्या गाईलाही देतो. सुंठ मोठ्या जनावराला ३० ग्रॅमच्या आसपास, ओवा ३० ते ५०, हिंग १० ग्रॅम पुष्कळ झाला. फुगलेल्या गाईला तेल पाव ते अर्धा लिटर, शेळी-मेंढीला ५० ते १०० मिली. ही मापं लिहितोय कारण वहीत तोळा, छटाक, पावशेर आहेत आणि कुणीतरी पेन्सिलने एका जागी 'छटाक'च्या शेजारी 'पाव किलो' असं लिहून ठेवलंय. छटाक म्हणजे पाच तोळे, जेमतेम ५८ ग्रॅम. पावशेर म्हणजे २३३ ग्रॅमच्या आसपास. ते पेन्सिलचं माप खोडा, तिथे औषध चौपट होतंय. कांदा-लसूण थोडा चालतो, पण फुकट मिळाला म्हणून कांद्याचे ढीग गव्हाणीत टाकू नका, रक्तातल्या तांबड्या पेशी फुटून लघवी लाल होते. आणि हिंग-लसूण दिल्यावर दुधाला वास येतो, तेव्हा त्या दोन वेळचं दूध घरातच बाजूला ठेवा.

काही पानं मात्र गाळाच. कुचल्याचं पान. एकेकाळी आमच्या पुस्तकांतही कुचला भूक वाढवणारा म्हणून होता, पण त्यात स्ट्रिक्नीन आहे आणि औषध व विष यांतलं अंतर चिमटीएवढं. कण्हेरीच्या पानांचा रस, कुठल्याही दुखण्यावर, कधीही नाही. मूठभर पानंसुद्धा मोठं जनावर मारतात. जंतांसाठी तंबाखूचं पाणी आणि मोरचूद ही दोन्ही पानंही काढा. मेंढ्यांना तांब्याचं विष फार लवकर चढतं. हगवणीवर अफूची गोळी तर नकोच. आतडं थांबतं, विष आतच राहतं, जनावर शांत झाल्यासारखं दिसतं आणि मरतं. तेलात टर्पेंटाइन घालायची जुनी चाल आहे, आमच्याही जुन्या पुस्तकांत आहे, पण ते आतड्याला जाळतं. नुसत्या तेलाने काम भागत असताना ते कशाला?

जंतांसाठी पळसाचं बी आणि वावडिंग लिहिलंय. दोन्हींत जंतांवर चालणारी द्रव्यं आहेत, हे तपासलं गेलेलं आहे. अडचण मापाची आहे. कोणत्या झाडाचं बी, किती जुनं, किती वाटलं, त्यावर बळ बदलतं, आणि पळसाचं बी जास्त झालं तर उलट हगवण लागते. वासरा-पारडांना आधी शेण तपासून जंताचं औषध द्या, या एका बाबतीत मी सरळ बाटलीच्या बाजूने आहे.

आता कालवड. वासरू हगवणीने मरत नाही, अंगातलं पाणी संपल्याने मरतं. म्हणून पहिलं औषध साल-पाला नाही, पाणी. उकळून कोमट केलेल्या एक लिटर पाण्यात सहा चहाचे सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. दुधाच्या वेळा सोडून मधल्या वेळी, थोडं थोडं करत दिवसाला दोन ते चार लिटर. दूध बंद करू नका, ही जुनी चूक वहीतही आहे. दूध तोडलं की वासराची ताकद जाते. फक्त एका वेळचं कमी करून वेळा वाढवा. गळ्याची कातडी चिमटीत धरून सोडा, ती लगेच सपाट झाली तर ठीक. दोन-तीन सेकंद तशीच उभी राहिली, डोळे खोल गेले, चोखणं बंद झालं, तर घरचा उपाय संपला, सलाइन हवी.

पाणी चालू असताना वहीतलं डाळिंबाच्या सालीचं पान वापरायला माझी हरकत नाही. त्या सालीत, बेलफळात, बाभळीच्या सालीत तुरट द्रव्य असतं, त्याने आतड्याचा पातळपणा आवळतो. कुड्याची साल याहून जोरकस, म्हणून वासराला हलक्या हाताने. वाळलेली डाळिंबाची साल पाच-सात ग्रॅम, कपभर पाण्यात निम्मी होईस्तोवर उकळून, गाळून, दिवसातून दोन वेळा, दोनच दिवस. शेणात रक्त किंवा शेंबडासारखी आव असेल, ताप १०३ फॅरनहाइटच्या वर असेल, किंवा एका वासराची हगवण दुसऱ्याला लागली असेल, तर आवळायचं नाही, शेण तपासायला पाठवायचं. दोन महिन्यांच्या वासरात रक्त दिसलं तर बहुधा कॉक्सिडिया हा आतड्यातला सूक्ष्म परजीवी निघतो आणि त्याला वेगळं औषध लागतं. गोठ्यात एक थर्मामीटर ठेवा, ताई. निरोगी गाय १०१ ते १०२.५ च्या आत असते, वासरू थोडं वर. तो आकडा फोनवर सांगितलात, की पलीकडच्या डॉक्टरचं निम्मं काम होतं.

घड्याळाचंही सांगून ठेवतो. तट्ट फुगलेल्या गाईला तेल पाजून काठी बांधल्यावर अर्ध्या तासात ढेकर सुटायला हवी. फोन त्याआधीच झालेला असावा, ढेकर सुटली तर डॉक्टरला 'येऊ नका' म्हणता येतं. भकाळी कण्याच्या वर चढली, जीभ बाहेर आली, तोंडाने श्वास सुरू झाला, तर तेल पाजत बसू नका. तिथे नळी किंवा भकाळीत सुई घालावी लागते, आणि फेस असेल तर बारीक सुईतून तोही नीट निघत नाही. चाकू खुपसून गाय वाचवल्याच्या कथा सगळीकडे ऐकू येतात. न वाचलेल्यांच्या कथा कुणी सांगत नाही. शेळ्या-मेंढ्यांत संध्याकाळी धडधाकट आणि सकाळी मेलेली, असं आंत्रविषारात होतं. तिथे पाला वाटायलाही वेळ मिळत नाही, लस आधी टोचलेली असावी लागते.

मुलगा वही जाळा म्हणतो त्याचा राग मला येत नाही, त्याने आईसारखी वाढवलेली गाय डोळ्यांदेखत गमावली. पण वहीत चाळीस पानं आहेत आणि त्यातली मला सात-आठच गाळावीशी वाटली. मामंजींना सोबत बसवून प्रत्येक पानावर ते 'फुगणे' खोडा आणि तिथे भकाळी कशी लागली, शेण कसं होतं, आदल्या दिवशी खाल्लं काय होतं, एवढं लिहा. हे त्यांना येतं. त्यांनी ते कधी लिहिलं नाही कारण त्यांच्या हाताला माहीत होतं. मंगळीच्या वेळी तो हात भकाळीला लावलाच नाही, कारण महिन्यापूर्वीचं यश ताजं होतं. हे माझ्याही हातून झालंय, एकदा नव्हे.

एक पान राहिलं. तुम्ही त्यावर 'हे किळसवाणं आहे, सोडून द्या' अशी चिठ्ठी लावून पाठवलंय : निरोगी गाईच्या तोंडातला रवंथाचा गोळा काढून आजारी गाईला खाऊ घालणे. ते पान नीट जपून ठेवा. स्वीडनमधले शेतकरीही अठराव्या शतकात हेच करत होते, आणि आज आम्ही निरोगी गाईच्या कोठीपोटातलं पाणी नळीने काढून मरगळलेल्या गाईला देतो, मोठ्या जनावराला निदान तीन लिटर. आम्लाने किंवा फार दिवसांच्या उपासाने आतले जिवाणू मेलेले असतात, ते असे परत पेरले जातात. पाणी थंड पडलं किंवा उघड्यावर राहिलं तर ते मरतात, म्हणून गायीगायींत अंतर दहा पावलांचंच बरं. तोंडात हात घालून गोळा काढायच्या भानगडीत मात्र पडू नका, दाढा बोटं तोडतात. पुढच्या वेळी कुणी गाय अशी मंदावली आणि डॉक्टर आले, तर त्यांना सांगा की घरात चंद्री आहे, तिचं चालेल का.